वर्ध्याच्या टेकडीवरचा नझीर हाट

वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाच्या आवारात विद्यार्थ्यांसाठी एक छोटी बाजारपेठ आहे. तिचं नाव आहे 'नझीर हाट'. ज्याला कुणाला हे नाव सुचलं, त्याने नझीर अकबराबादी नुसता अभ्यासक्रमात वाचलेला नसावा. अठराव्या शतकातल्या आग्र्याचा हा शायर. दरबारात रमला नाही, बाजारात रमला. काकडी विकणारा, तिळाचे लाडू, रोटी, अस्वल नाचवणारा, होळी, दिवाळी, ईद, बाळकृष्णाच्या लीला असं सगळं त्याच्या शायरीत आहे. उर्दूच्या जुन्या जाणकारांनी त्याला 'बाजारी' म्हणून बाजूला सारलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर पावणेदोनशे वर्षांनी विदर्भातल्या एका टेकडीवर बाजारालाच त्याचं नाव मिळालं. हा न्याय मला आवडतो.

त्याच आवारात गालिब सभागार आहे, हबीब तन्वीर सभागार आहे, एका टेकडीला कबीराचं नाव आहे. पाहुण्यांच्या निवासाचं नाव 'नागार्जुन सराय'. जन्मभर भटकत राहिलेल्या कवीच्या नावाने सराय! परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला फादर कामिल बुल्के यांचं नाव दिलंय. बेल्जियमहून आलेला हा जेझुइट पाद्री रामकथेवर संशोधन करत इथलाच होऊन गेला.

हिंदीच्या विद्यापीठात उर्दूच्या शायरांची नावं, यात विशेष ते काय, असं कुणी विचारेल. पण हे विद्यापीठ दुसऱ्या कुठल्या गावात असतं तर मीही एवढं लिहिलं नसतं. वर्धा हे हिंदी आणि उर्दूच्या भांडणाचं गाव आहे. त्या दोघींचा संसार मोडू नये म्हणून एका म्हाताऱ्याने जीव तोडून धडपड केली, तीही इथेच.

गोष्ट १९३६ पासून सांगावी लागेल. जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले होते. सरहद्दीवर जायची बंदी असलेले खान अब्दुल गफ्फार खानही त्याच वर्षी तुरुंगातून सुटून इथे आले, आणि डिसेंबरात त्यांना पुन्हा अटक झाली तीही वर्ध्यातच. १९३६ च्या एप्रिलमध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. त्याच महिन्यात नागपूरला त्यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय साहित्य परिषद भरली. प्रेमचंद आले होते. औरंगाबादहून मौलवी अब्दुल हक आले होते. 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू'चा कारभार तेव्हा औरंगाबादेतूनच चालायचा. मराठीवरच्या फारसीच्या प्रभावाचा अभ्यास करणारा हा माणूस मराठी मुलुखाला परका नव्हता.

परिषदेचं कामकाज कुठल्या भाषेत चालावं, यावर वाद झाला. गांधीजी म्हणत होते, 'हिंदी-हिंदुस्तानी'. हक यांचा सवाल सरळ होता. काँग्रेसने 'हिंदुस्तानी' हा शब्द स्वीकारलेला असताना त्याच्यामागे 'हिंदी' कशाला जोडायची? उत्तराने त्यांचं समाधान झालं नाही. ते नाराज होऊन परतले आणि दोन वर्षांनी अंजुमनचं बिऱ्हाड औरंगाबादहून दिल्लीला गेलं. एका जोडशब्दावरून एवढं रामायण कशाला, असं आज वाटू शकतं. पण शब्दाआड लिपी होती आणि लिपीआड आपण कुणाचे, हा प्रश्न होता.

त्याच वर्षी वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांना ही समिती तिच्या परीक्षांमुळे ठाऊक आहे. प्रवेश, परिचय, कोविद. आमच्यासारख्या घरांत, जिथे आई-अब्बांची बोली उर्दूच्या वळणाची आणि शाळा मराठी, तिथे या परीक्षांची एक गंमत असायची. मुलं बोलण्यात सहज पास व्हायची आणि शुद्धलेखनात अडायची.

समिती नागरीची. गांधीजींचं मन मात्र दोन्ही लिप्यांत गुंतलेलं होतं. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नव्या शिक्षणाचा आराखडा तयार करायचं काम जामिया मिल्लियाच्या झाकिर हुसेन यांच्यावर सोपवण्यात आलं. तीच पुढे 'वर्धा योजना' म्हणून गाजली. ती राबवण्यासाठी १९३८ मध्ये जी संस्था निघाली तिचं नाव 'हिंदुस्तानी तालीमी संघ'. तिचे अध्यक्षही झाकिर हुसेनच. म्हणजे पुढे देशाचा राष्ट्रपती झालेला एक मुसलमान शिक्षक गांधींच्या सेवाग्रामच्या शिक्षणाचा शिल्पकार होता. आपल्या शाळांमधून हे का शिकवलं जात नाही, कोण जाणे.

इथे आपल्या बाजूचंही एक सांगायला हवं. मुस्लिम लीगने या योजनेला कडाडून विरोध केला. १९३८ च्या पीरपूर अहवालात तिच्यावर टीका होती. मध्य प्रांतातल्या रविशंकर शुक्लांच्या 'विद्या मंदिर' योजनेच्या नावावरून मुसलमानांत जी नाराजी होती, ती वर्धा योजनेलाही चिकटली. एका मुसलमानाने लिहिलेला आराखडा मुसलमानांनीच परका मानला. 'मंदिर' शब्दाबद्दलचा आक्षेप मला समजतो. झाकिर हुसेन यांचा अहवाल न वाचता त्याला विरोध करणं मात्र मला पटत नाही.

१९४२ मध्ये गांधीजींनी वर्ध्यातच 'हिंदुस्तानी प्रचार सभा' काढली. तिची अट एकच होती. हिंदुस्तानी शिकणाऱ्याने नागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्या शिकायच्या. काका कालेलकर तिच्या कामात होते, मुंबईत दादाभाई नौरोजींच्या नात पेरिनबेन कॅप्टन यांनी तिचा भार उचलला. मुंबईची सभा चर्नी रोडला आजही आहे. म्हणजे एकाच छोट्या गावात दोन संस्था झाल्या. एक म्हणते नागरी, दुसरी म्हणते दोन्ही. आणि दोन्हींच्या मुळाशी माणूस एकच! हे फार काळ चालणार नव्हतं. हिंदी साहित्य संमेलन आणि पुरुषोत्तमदास टंडन नागरीवर ठाम राहिले. जुलै १९४५ मध्ये गांधीजींनी संमेलनाचा राजीनामा दिला. फाळणीनंतर 'हरिजन'च्या उर्दू आवृत्तीचे वाचक घटले, तेव्हा शेवटच्या दिवसांत त्यांनी भूमिका घेतली की उर्दू आवृत्ती बंद करायची असेल तर नागरीही बंद करू. हा हट्ट व्यवहाराच्या चौकटीत बसणारा नव्हता. पण ज्यांच्या घरी आजही आजोबांची पत्रं उर्दूत आणि नातवाची पुस्तकं नागरीत आहेत, त्यांना तो कळेल.

१४ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेने नागरी लिपीतली हिंदी राजभाषा म्हणून स्वीकारली. 'हिंदुस्तानी' हा शब्द संविधानात एका कोपऱ्यात तेवढा उरला. कलम ३५१ म्हणतं की हिंदीने हिंदुस्तानीची आणि इतर भारतीय भाषांची रूपं, शैली आत्मसात करावी.

मधली पंचवीस वर्षं इथे ओलांडून जातो. जानेवारी १९७५ मध्ये राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या पुढाकाराने नागपूरला पहिलं विश्व हिंदी संमेलन भरलं. इंदिरा गांधी आल्या, मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम आले. वर्ध्यात हिंदीचं आंतरराष्ट्रीय विद्यापीठ असावं हा ठराव तिथला. तो कायद्यात उतरायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. अधिनियम १९९६ चा, आणि विद्यापीठ अस्तित्वात आलं २९ डिसेंबर १९९७ रोजी. महाराष्ट्रातलं हे एकमेव केंद्रीय विद्यापीठ. नावात गांधी आले, गावही गांधींचं मिळालं. दोन लिप्यांची अट मात्र कायद्यात आली नाही.

सुरुवातीची वर्षं विचित्र होती. पहिले कुलगुरू अशोक वाजपेयी, हिंदीतले मोठे कवी. त्यांचा कारभार मुख्यतः दिल्लीतून चालला. 'बहुवचन', 'पुस्तक-वार्ता' अशी चांगली नियतकालिकं निघाली, नाव झालं, पण वर्धेकरांनी विचारायचं, "विद्यापीठ कुठाय जी?" तर बोट दाखवायला फारसं काही नव्हतं. मला वाटतं, या विद्यापीठाचं आणि गावाचं नातं उशिरा जुळायला सुरुवात झाली त्याचं एक कारण हे आहे. दुसरे कुलगुरू केरळचे जी. गोपीनाथन. हिंदीचं विद्यापीठ, मराठी गाव आणि मल्याळी कुलगुरू! गांधींना हे आवडलं असतं.

शहराबाहेर उमरी गावाजवळचा पंचटीला परिसर म्हणजे खडकाळ टेकड्या. वर्ध्याचा उन्हाळा माहीत असलेल्याला तिथे झाड जगवणं काय असतं हे सांगायला नको. या माळावर आज दिसतं ते आवार बऱ्याच अंशी २००८ ते २०१३ या काळात उभं राहिलं. नावंही बहुतेक तेव्हाचीच. कुलगुरू होते विभूतिनारायण राय.

राय हे नाव मुस्लिम वाचकाने वेगळ्या कारणासाठीही लक्षात ठेवायला हवं. ते मूळचे पोलीस अधिकारी. १९८७ मध्ये गाझियाबादचे पोलीस अधीक्षक होते. २२ मेच्या रात्री मेरठच्या हाशिमपुऱ्यातून पीएसीच्या जवानांनी मुस्लिम तरुणांना ट्रकमध्ये भरून नेलं आणि कालव्याच्या काठावर गोळ्या घातल्या. राय यांच्या हद्दीत. आपल्याच गणवेशातल्या लोकांविरुद्ध गुन्हा नोंदवणारे अधिकारी ते होते. निकाल लागायला ३१ वर्षं लागली. ऑक्टोबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सोळा जणांना जन्मठेप दिली. दंगलीतल्या संचारबंदीवरची 'शहर में कर्फ्यू' ही त्यांची कादंबरी आहे, हाशिमपुऱ्यावरही त्यांनी पुस्तक लिहिलं. अशा माणसाच्या कारकिर्दीत बाजाराला नझीरचं नाव मिळतं, याला मी योगायोग मानत नाही.

पण त्यांचा पुतळा करायचीही गरज नाही. २०१० मध्ये एका मुलाखतीत हिंदीतल्या लेखिकांविषयी ते जे बोलले त्याचा देशभर निषेध झाला आणि त्यांना माफी मागावी लागली. ज्या विद्यापीठात स्त्री अध्ययन हा स्वतंत्र विभाग आहे, त्याच्या कुलगुरूंनी असं बोलावं, हे लाजिरवाणंच होतं.

आवारातलं जगणं हा वेगळा विषय आहे. बिहार, उत्तर प्रदेश, बंगालमधून आलेली मुलं, हिंदी शिकायला आलेले चीन, श्रीलंका, थायलंडचे विद्यार्थी, आणि खाली गावात वऱ्हाडी वळणाची मराठी. वसतिगृहांची नावं पाहा. गोरख पांडे, बिरसा मुंडा, सावित्रीबाई फुले. रोज सकाळी अशा नावाच्या दारातून बाहेर पडणारा विद्यार्थी गप्प बसेलच असं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये काही विद्यार्थ्यांनी झुंडबळी, काश्मीर अशा प्रश्नांवर पंतप्रधानांना पत्र लिहायचं ठरवलं आणि आवारात धरणं धरलं. विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता पुढे करून सहा जणांना काढून टाकण्यात आलं. देशभर बोभाटा झाला आणि चार-पाच दिवसांत आदेश मागे घ्यावा लागला. ते वर्ष गांधींच्या दीडशेव्या जयंतीचं होतं.

पुन्हा नझीर हाटकडे येतो, कारण एक धागा सांगायचा राहिलाय. हबीब तन्वीर रायपूरचे, पण १९४४ मध्ये पदवीधर झाले ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून. इकडे नागपूर आणि सेवाग्रामच्या दरम्यान हिंदुस्तानीची दोरी ताणली जात होती, तेच हे दिवस. पुढे दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, त्यांनी एक नाटक रचलं, 'आगरा बाजार'. विषय नझीर अकबराबादी. पण नझीर स्वतः रंगमंचावर येतच नाही. काकडीवाला, पतंगवाला, पुस्तकविक्रेता हे सगळे येतात आणि त्याच्या ओळी गातात. नाटक बसवलं ते जामिया मिल्लियात, तिथले विद्यार्थी आणि ओखल्याचे साधे रहिवासी घेऊन. तीच जामिया, जिचे झाकिर हुसेन १९३७ मध्ये वर्ध्याला आले होते.

आज पंचटीलावर एकीकडे हबीब तन्वीरांच्या नावाचं सभागार आहे आणि दुसरीकडे नझीरचा बाजार. दोघांची गाठ एकाच आवारात पडलीय. वर्ध्याच्या उर्दू शाळांतल्या मुलांची सहल सेवाग्रामला जाते, पवनारला जाते, तशी एकदा इथेही न्यावी. मुलांना 'आगरा बाजार'चे दोन प्रवेश करू द्यावेत, हाटातच, दुकानांसमोर.

विद्यापीठाकडेही एक मागणं आहे. गालिब, नझीर आणि हबीब तन्वीर यांच्या पाट्यांवर जिथे उर्दू अक्षरं नसतील तिथे नागरीखाली तीही काढावीत. हिंदुस्तानी प्रचार सभेची अट १९४२ ची आहे आणि ज्यांनी ती घातली त्यांचं नाव विद्यापीठाच्या फाटकावर आहे. एक रंगाचा डबा पुरेल. उर्दू लिहिणारा पेंटर वर्ध्यात सापडेल, नाही सापडला तर नागपूरच्या मोमीनपुऱ्यात नक्की सापडेल.