लिप्यंतरित साधने आणि कुलवृत्तांताची संगणकीय मांडणी : झाशीच्या नेवाळकर घराण्याच्या निमित्ताने

घराण्याचा इतिहास लिहिण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. बखरी, कैफियती, करीने, तीर्थक्षेत्रींच्या उपाध्यायांच्या वह्या आणि विसाव्या शतकातील छापील कुलवृत्तांत ही तिची निरनिराळी रूपे होत. अलीकडे या कामासाठी संगणकाचा अवलंब होऊ लागला आहे. वंशवृक्ष काढण्यासाठीच्या संगणकप्रणाली आता सहज मिळतात, आणि ग्रँप्ससारखी प्रणाली तर विनामूल्य आहे. तथापि वंशवृक्ष सुबक निघाला म्हणजे कुलवृत्तांत सिद्ध झाला, असा समज रूढ होत आहे. मोडीतून बाळबोधीत आणलेला कागद या प्रणालीत नेमका कोठे ठेवावा, हा प्रश्न दिसायला तांत्रिक असला तरी तो मूलतः इतिहासपद्धतीचा आहे, हे एका सुपरिचित घराण्याच्या उदाहरणावरून येथे पाहावयाचे आहे.

झाशीचे नेवाळकर घराणे मूळचे कोकणातील. पेशवाईत रघुनाथ हरी यांना झाशीची सुभेदारी मिळाली आणि घराणे बुंदेलखंडात स्थिरावले. पुढे शिवराव भाऊ, रामचंद्रराव, दुसरे एक रघुनाथराव आणि शेवटी गंगाधरराव असा क्रम येतो. एकाच घराण्यात दोन रघुनाथराव आहेत, एवढ्यावरूनच अडचणीची कल्पना यावी. आजोबांचे किंवा चुलत्याचे नाव ठेवण्याच्या आपल्या रीतीमुळे केवळ नावावरून व्यक्ती ओळखणे धोक्याचे असते. कागदात ‘राजश्री रघुनाथराव’ एवढेच असेल आणि नोंद करणाऱ्याने तो मजकूर एका रघुनाथरावांच्या खाती चिकटवून टाकला, तर पुढच्या अभ्यासकाला मूळ संदिग्धतेचा पत्ताही लागत नाही.

म्हणून व्यक्तीच्या टिपणात कागदाचे लिप्यंतर उतरवण्याची जी सवय सर्वत्र दिसते, ती प्रस्तुत लेखकास मुळीच मान्य नाही. एका पत्रात दहा-बारा माणसांचे उल्लेख असतात. तोच मजकूर दहा ठिकाणी उतरवला की एका ठिकाणी केलेली वाचनाची दुरुस्ती इतर नऊ ठिकाणी पोहोचत नाही. कागदाची नोंद एकदाच, साधन म्हणून व्हावी. तो ज्या दप्तरात आहे त्या संग्रहस्थानाची नोंद वेगळी असावी, आणि कागदातील प्रत्येक विधान व्यक्तीशी जोडणारा संदर्भ त्याहून वेगळा असावा. ग्रँप्समध्ये या तिन्ही नोंदींची स्वतंत्र सोय आहे, परंतु तिचा उपयोग क्वचितच केला जातो. लिप्यंतर अक्षरशः असावे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नाही, शब्द तोडून लिहिले जात नाहीत, संक्षेप विपुल असतात. ते सारे सोडवून, शुद्धलेखन सुधारून केलेले वाचन उपयुक्त खरे, पण ते दुसऱ्या थरात, मूळ लिप्यंतराच्या शेजारी असावे. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ मध्ये स्थान मिळाले असले तरी व्यवहारात लिप्यंतर देवनागरीतच होते, आणि देवनागरीत आणतानाच वाचकाचा निर्णय मजकुरात शिरलेला असतो.

या संदर्भात विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चे उदाहरण बोलके आहे. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि झाशीच्या वेढ्याच्या वेळी शहरात होते. हा वृत्तांत त्यांनी सुमारे पाव शतकानंतर लिहिला. चिं. वि. वैद्य यांनी तो १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, परंतु भाषेत व मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली दत्तो वामन पोतदार यांची आवृत्ती १९६६ मध्ये आली. तेव्हा संगणकात ‘माझा प्रवास’ अशी एकच साधननोंद करून भागणार नाही. मूळ हस्तलिखित, वैद्यांची प्रत आणि पोतदारांची प्रत या तीन नोंदी हव्यात, व त्यांचे परस्परनाते नमूद असावे. जवळजवळ साठ वर्षे वाचकांच्या हाती वैद्यांचाच पाठ होता. त्या काळात झालेल्या लेखनाचा आधार कोणता, हे अशा नोंदीवाचून कळावयाचे नाही.

साधनाची विश्वसनीयता ठरवण्यासाठी जेडकॉम या विनिमय-पद्धतीत शून्य ते तीन असे अंक आहेत. १९८४ मध्ये अमेरिकेतील मॉर्मन चर्चने ही पद्धत तयार केली, आणि बहुतेक वंशावळ-प्रणाली माहितीची देवघेव तिच्याद्वारेच करतात. हा अंक पुस्तकाला न देता संदर्भाला द्यावयाचा असतो, हे तिचे मर्म आपल्याकडे ध्यानी घेतले जात नाही. गोडसे वेढ्याचे प्रत्यक्षदर्शी आहेत, राणीच्या बालपणाचे नाहीत. एकाच ग्रंथातील दोन विधानांचे वजन सारखे कसे असेल?

लक्ष्मीबाईंच्या जन्मवर्षाचेच पाहा. काही चरित्रांत १८२८, तर काहींत १८३५ असे वर्ष येते. विवाह १८४२ मध्ये झाला असे धरल्यास वधूचे वय पहिल्या मताने तेरा-चौदा आणि दुसऱ्या मताने सहा-सात होते. तत्कालीन ब्राह्मण कुटुंबातील चालीरीती पाहता दुसरे वय अधिक संभवनीय वाटते, परंतु संभव म्हणजे पुरावा नव्हे. मृत्यूची तारीखही १७ की १८ जून १८५८ हा वाद आहेच. प्रणालीत जन्माच्या दोन नोंदी ठेवता येतात. त्या दोन्ही, आपापल्या संदर्भांसह, ठेवाव्यात. वंशवृक्ष छापताना एक वर्ष निवडावे लागेल, तेव्हा निवडीचे कारण टिपणात द्यावे.

तारखांच्या बाबतीत उत्तरेतील मराठी घराण्यांची अडचण दुहेरी आहे. दक्षिणेतील महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतील पौर्णिमेला. त्यामुळे दक्षिणी कारकुनाचा कार्तिक वद्य पक्ष उत्तरेत मार्गशीर्षाचा कृष्ण पक्ष ठरतो. त्यात शके आणि संवत् यांचा घोळ. पेशवाईतील कागदात तर ‘सलास सबैन मया व अलफ’ असा शुहूर सन अरबी शब्दांत असतो. याचा अर्थ ११७३, म्हणजे मृगापासून सुरू होणारे इ. स. १७७२-७३. प्रचलित प्रणालींत ज्यू आणि फ्रेंच प्रजासत्ताक कालगणनेची सोय आहे, शक किंवा शुहूर यांची नाही. अशा वेळी मूळ मिती शब्दशः शब्दरूप तारखेच्या रकान्यात ठेवून जंत्रीवरून काढलेली इंग्रजी तारीख स्वतंत्रपणे द्यावी. मूळ मिती गाळली तर जंत्री पाहताना झालेली चूक कधीही उघडकीस येणार नाही.

सर्वांत नाजूक बाब दत्तकाची. पत्रातील ‘चि.’ हा संक्षेप पुतण्या, नातू, प्रसंगी शिष्य यांनाही लागतो. त्यावरून पुत्र ठरवणे अयोग्य. झाशीत तर दत्तकावरच राज्य अवलंबून होते. १८३५ मध्ये रामचंद्रराव वारल्यावर कंपनीने दत्तकाचा दावा डावलून चुलते रघुनाथराव यांना मान्यता दिली. गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी वासुदेवराव नेवाळकर यांचा सुमारे पाच वर्षांचा मुलगा आनंदराव दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. डलहौसीने हे दत्तविधान राज्याच्या वारशासाठी मानले नाही व १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. प्रणालीत दामोदररावांना जन्मदात्याचे आणि दत्तक असे दोन्ही नातेसंबंध लावता येतात. मात्र ‘दत्तक’ ही खूण एवढेच सांगते की विधी झाला. तो कोणी मानला आणि कोणी नाकारला, हे फक्त कागदच सांगतात. राणीच्या खलित्यांत ज्यास पुत्र म्हटले आहे, त्याच्याविषयी कंपनीच्या पत्रव्यवहारात वेगळी भाषा आहे. दोन्ही कागद त्याच एका नात्याला जोडावेत, आणि प्रत्येकापुढे विधान करणाऱ्याचे नाव असावे.

१८५८ नंतर दामोदरराव इंदूरला राहिले आणि १९०६ मध्ये तेथेच वारले. घराण्याच्या पुढील पिढ्यांत ‘झाशीवाले’ हे आडनाव रूढ झाले. नेवाळकर या नावाने शोध घेणाऱ्यास इंदूरचे कागद सापडणार नाहीत. त्यासाठी दामोदररावांच्या व्यक्तिनोंदीत आनंदराव, नेवाळकर आणि झाशीवाले ही सर्व नावे पर्यायी नावे म्हणून, ज्या ज्या कागदात ती आढळली त्याच्या संदर्भासह, नोंदवली पाहिजेत.