आपाजान आणि आमच्या मुली

मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की त्याची बिस्मिल्ला करायची, ही आमच्या अनेक घरांतली जुनी रीत. नवे कपडे, पहिले अक्षर, मग मिठाई. पहिल्या अक्षराचे मोल आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. मोल कळले नाही ते अक्षर गिरवून घेणाऱ्या बाईचे. मोहल्ल्यातल्या आपांना आम्ही ईदेला कपडा दिला, सलाम केला. पण त्यांचे काम हाही एक पेशा आहे आणि तो शिकावा लागतो, हे मनावर घेतले नाही.

मध्यंतरी आमची एक भाची बारावी झाली आणि बालवाडी शिक्षिकेचा अभ्यासक्रम करते म्हणाली. आम्ही हसून विचारले, "बेटी, पोरं सांभाळायला कसली पदविका?" ती शांतपणे म्हणाली, "मामू, सांभाळायला नाही, शिकवायला." आम्ही गप्प झालो. तिच्या त्या उत्तराने आम्हांला इतिहासाची पाने पुन्हा चाळायला लावली.

त्या पानांत गेर्डा फिलिप्सबोर्न भेटतात. बर्लिनच्या सुखवस्तू ज्यू घरातली ही मुलगी. १९२० च्या दशकात तिथे शिकत असलेल्या डॉ. झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब या तरुणांशी तिची मैत्री झाली. हे तिघे परतून दिल्लीच्या जामिया मिल्लियात आले. १९२० साली अलीगढला जन्मलेली ही संस्था तेव्हा कायम पैशाच्या तंगीत असे. तिथल्या शिक्षकांनी शपथ घेतली होती : वीस वर्षे सेवा करू आणि दरमहा दीडशे रुपयांहून अधिक घेणार नाही. जर्मनीत हिटलरचे राज्य आले त्या सुमारास गेर्डाही तिथे पोहोचली आणि सर्वांत लहान मुलांत रमली. मुले तिला आपाजान म्हणू लागली.

त्याच जामियाने १९३५ साली ओखल्यातल्या नव्या इमारतीचा पायाचा दगड कोणा नवाबाच्या नव्हे, तर शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून बसवला. लहान मुलाला मान देणे म्हणजे काय, हे यातून कळते.

पुढे १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेनंतर मूलोद्योगी शिक्षणाची योजना तयार झाली. तिच्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेनच होते. पण त्या योजनेतले शिक्षण सातव्या वर्षी सुरू होत होते. त्याआधीची वर्षे? ती आपाजानसारख्यांच्या भरवशावर राहिली.

महायुद्ध पेटले तेव्हा इंग्रज सरकारने आपाजानला शत्रुराष्ट्राची नागरिक ठरवले. हिटलरच्या राज्यात जिला ज्यू म्हणून जागा नव्हती, तिला इथे जर्मन म्हणून पकडले आणि ठेवले कुठे, तर आपल्या पुरंदरावर! सुटकेनंतर ती जामियात परतली, पण प्रकृती खालावली होती. एप्रिल १९४३ मध्ये ती गेली. जामियातल्या पाळणाघराला आज तिचे नाव आहे.

दोनच वर्षांनी, १९४५ साली, आपल्याकडे ताराबाई मोडकांसोबत अनुताई वाघ बोर्डीला गेल्या. बालविधवा अनुताई पुण्यात शिक्षिका होत्या. शहरातली नोकरी सोडून त्यांनी आदिवासी मुलांची बालवाडी पत्करली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज सगळ्यांच्या तोंडी आहे. त्यामागचे हे कष्ट मात्र थोड्यांना ठाऊक.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या निघाल्या. सेविकांना मात्र पगार नव्हे, मानधन. उपदान मिळण्याचा त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो थेट २०२२ साली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनच्या शिक्षणाला पायाभूत म्हटले. पाया म्हणायचे आणि पाया घालणारीला सेवा म्हणून राबवायचे, ही आपली जुनी खोड.

आपाजान आणि अनुताई यांच्या त्यागाला आम्ही सलाम करतो. पण प्रत्येक मुलीकडून त्यागच मागायचा का? आमच्या समाजातल्या किती मुलींना "लग्न होईपर्यंत कर" म्हणून बालवाडीत पाठवले जाते. त्यांनी हा पेशा रीतसर शिकावा, बालमानस समजून घ्यावे, घरातली बोली आणि शाळेतली मराठी यांच्यामधला पूल व्हावे. आणि त्यांच्या कामाला योग्य वेतन मिळावे म्हणून आम्ही त्यांच्या बाजूने बोलावे. सरकारकडे मागण्याआधी आपल्या मोहल्ल्यातल्या बालवाडीत आपण काय देतो, तेही पाहावे.

भाचीच्या अर्जावर पालक म्हणून आम्ही सही केली. फी भरताना तिला एवढेच म्हणालो, "बेटी, आमचा प्रश्न चुकला होता."