राघू आला कोठून?

दिवाळीच्या सुटीत घर पाहुण्यांनी भरले की मुलांच्या मागण्यांना ऊत येतो. फटाके झाले, मातीचा किल्ला झाला, की एखादे पोर हटकून पोपट मागते. मग मोठ्या माणसांची चर्चा सुरू होते. पोपट आणावा कोठून? जळगावच्या बाजारातून, धुळ्याहून, की मुंबईला निघालेल्या कोणापाशी पैसे द्यावेत? पहाडी घ्यावा की साधा? बोलका कसा ओळखावा? या चर्चा मी पुष्कळ घरांतून ऐकल्या आहेत. त्यांत पिंजऱ्याच्या किमतीपासून हिरव्या मिरचीपर्यंत सारे काही येते. पण हा राघू पिंजऱ्यात येण्यापूर्वी कोठे होता, हे कोणी विचारीत नाही.

आश्चर्य असे की, आपल्या वाङ्मयात हा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वीच एका राजाने विचारला आहे.

आपण ज्या पुस्तकांना ‘कादंबरी’ म्हणतो, त्यांना हे नाव बाणभट्टाच्या ग्रंथावरून पडले. सातव्या शतकात, हर्षाच्या आश्रयाने राहणाऱ्या बाणाने ती कथा रचली. ती अपुरी राहिली आणि त्याच्या मुलाने पुरी केली. माझे संस्कृत बेतासबातच, त्यामुळे बाण मी मराठीतूनच वाचला. विदिशेच्या शूद्रक राजापुढे एक चांडाळकन्या सोन्याच्या पिंजऱ्यातून पोपट घेऊन येते. पोपट श्लोक म्हणतो, दरबार थक्क होतो. राजा मात्र त्याला विचारतो, तुझा जन्म कोठला, आणि तू या पिंजऱ्यात कसा सापडलास? तेथून पुढची सारी गोष्ट पोपट सांगतो. स्वतः कादंबऱ्या लिहीत असल्यामुळे मला या गोष्टीची गंमत वाटते : आमच्या धंद्याचे नावच एका पोपटाच्या तोंडून आलेले!

पण त्या पोपटाची हकिगत गमतीची नाही. विंध्याच्या रानात, पंपा सरोवराकाठी एक जुनाट शाल्मलीचे झाड. त्याच्या ढोल्यांतून हजारो पोपटांचे बिऱ्हाड. शबरांची टोळी शिकार करून निघून जाते, पण एका म्हाताऱ्या शबराला काहीच मिळालेले नसते. तो मागे राहतो, शिडी चढावी तसा झाडावर चढतो, ढोल्यांत हात घालतो, आणि पिले काढून, मारून खाली टाकतो. निवेदक पोपटाचा म्हातारा बाप त्याला पंखाखाली झाकून घेतो. बाप मरतो, पिलू पाचोळ्यावर पडून वाचते. राजाच्या प्रश्नाचे उत्तर येथून सुरू होते. बाणाने त्या शबराला क्रूर रंगवले आहे खरे, पण तो उपाशी होता, हे सांगायलाही तो विसरलेला नाही.

शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. यावल-पालच्या बाजूने सातपुड्यात शिरा, माघ-फाल्गुनात ती लाल फुलांनी पेटलेली दिसेल आणि तिच्यावर पोपटांचा कलकलाट ऐकू येईल. सुगरण खोपा विणते. आसोद्याच्या बहिणाबाईंनी तो साऱ्या महाराष्ट्राला दाखवला. पोपटाला ही विद्या नाही. झाडाची ढोली, नाही तर एखाद्या गढीच्या भिंतीतले भोक, हेच त्याचे घर. साधारण माघापासून चैत्रापर्यंत मादी चार ते सहा अंडी घालते, तीनेक आठवड्यांनी पिले फुटतात, आणि पुढचे सहा-सात आठवडे त्यांना उडता येत नाही. एवढ्या मुदतीत ज्याचा हात ढोलीत पोचला, त्याला पिले मिळाली. बाजारात ‘लहान आहे, लवकर बोलेल’ म्हणून दाखवतात तो पोपट याच हंगामातला. गळ्यातला गुलाबी कंठ फक्त नरालाच, तोही दोन-तीन वर्षांनी फुटतो. तेव्हा पिलू दाखवून कंठवाल्याचे पैसे मागणे हा निव्वळ जुगार आहे.

मोठा पोपट धरण्याची रीत निराळी होती. ती ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात दृष्टान्तरूपाने आली आहे. दोरीत ओवलेल्या नळीवर पोपट बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते, पोपट उलटा होतो. पंख मोकळे असतात. पण पडेन या भीतीने तो नळी अधिकच घट्ट आवळतो आणि पारध्याच्या हाती सापडतो. ज्ञानेश्वरांना सांगायचे होते ते जीवाच्या भ्रमाविषयी. पण शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाच्या श्रोत्यांसमोर हा दाखला चालला, याचा अर्थ त्यांना पोपट धरणे नवे नव्हते.

धरलेल्या पोपटाचे कौतुकही फार जुने. ख्रिस्तापूर्वी चारशेच्या सुमारास इराणच्या दरबारी असलेल्या क्तेसिअस नावाच्या ग्रीक वैद्याने लिहिले की, हा पक्षी हिंदी माणसासारखा बोलतो आणि शिकवले तर ग्रीकही बोलेल. आमच्याकडे तो अहिराणी बोलतो. दारात पाऊल टाकताच ‘कोन शे?’ म्हणणारा राघू मी ऐकला आहे. सत्तर रात्री गोष्टी सांगणारा ‘शुकसप्तती’तला पोपट १३३० मध्ये ‘तूतीनामा’ होऊन फारसीत गेला, आणि अकबराने त्याची चित्रमय पोथी करवून घेतली. याच अकबराने १६०१ मध्ये असिरगड घेऊन आपली खानदेशची फारुकी सल्तनत बुडवली. पण तो विषय वेगळा.

राजे आणि वाण्यांच्या वाड्यांतून पोपट बोलत राहिले. ढोलीत हात घालणाऱ्याचे नाव कोठेच आले नाही. फासेपारध्यांचे जाळे-फासे मुख्यतः तितर-लाव्यांसाठी, पण राघूही त्यांच्या झोळीत असे. त्यांच्यासारख्या जमातींवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो १९५२ साली निघाला. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या सुमारास देशी पक्ष्यांचा व्यापार पूर्ण बंद झाला. पक्षी वाचावेत म्हणून हे आवश्यकच होते. परंतु ज्यांच्या हाताला दुसरे काम दिले नाही, त्यांची पिढीजात विद्या एका फटक्यात पुन्हा गुन्हा ठरली, आणि पोपट विकत घेणारा पांढरपेशा मात्र स्वतःला पक्षिप्रेमीच म्हणवीत राहिला. मला ही वाटणी न्यायाची वाटत नाही.

२०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आता आपला साधा पोपट कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. तो धरणे, विकणे, विकत घेणे, घरात बाळगणे, सगळेच गुन्हा. यात्रेत चिठ्ठी काढणारा ज्योतिषाचा पोपटसुद्धा यातून सुटत नाही. तेव्हा ‘कोठून आणावा’ याचे सरळ उत्तर, कोठूनच नाही.

पोर रडतच असेल तर दुकानांतले बजरी पक्षी आहेत. आपण त्यांना चुकून ‘लव्हबर्ड’ म्हणतो. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. जॉन गूल्डने १८४० मध्ये त्यांची जिवंत जोडी इंग्लंडात नेली, आणि तेव्हापासून पिंजऱ्यातच त्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या निपजल्या. त्यांच्यासाठी कोणाला काटेसावरीवर चढावे लागत नाही. मोठे रंगीत परदेशी पोपट घेणाऱ्याने मात्र आधी नोंदणीचे कागद मागावेत. त्यांतल्या बहुतेकांसाठी २०२४ पासून सरकारी नोंदणी सक्तीची आहे. घरात आधीपासून राघू असेल, तर भावनेच्या भरात त्याला गच्चीवरून सोडू नये. छाटलेल्या पंखांचा, हातावर वाढलेला पोपट दुपारपर्यंतही कावळ्या-मांजरांपुढे टिकणार नाही. वनखात्याला १९२६ या क्रमांकावर विचारावे.

आणि नुसता पाहायचाच असेल, तर पोपटाला आपल्याकडे तोटा नाही. ज्वारीच्या कणसांवर थवा उतरला की शेतकरी गोफण फिरवतो, शिव्याही देतो. त्याच्यापाशी पोपटाचे कौतुक सांगायला जाऊ नये. गावात माघ-फाल्गुनात एखाद्या जुन्या निंबाकडे मान वर करून उभे राहावे. ढोलीतून लाल चोच डोकावेल. ते झाड रस्तारुंदीच्या यादीत नाही ना, एवढे मात्र जाता जाता महानगरपालिकेत विचारून यावे.