कच्च्या लायसन्सची कुळकथा

आरटीओच्या कागदावर त्याचं नाव ‘शिकाऊ अनुज्ञप्ती’. बोलताना मात्र ते ‘लर्निंग’, नाहीतर ‘कच्चं लायसन्स’. ते काढायला क्लच-गिअर यावे लागत नाहीत. महाराष्ट्रात पंधरापैकी नऊ उत्तरं बरोबर आली की काम झालं. मग आदल्या रात्री मोबाइलवर घोकंपट्टी चालते : त्रिकोण म्हणजे सावध, गोल म्हणजे हुकूम, चौकोन म्हणजे माहिती.

या परीक्षेच्या मूळपुरुषांना रस्त्यापेक्षा यंत्राची काळजी जास्त होती. 1888 साली कार्ल बेन्झला स्वतः बनवलेली मोटार चालवण्यासाठी बाडेनच्या सरकारकडून लेखी परवानगी घ्यावी लागली; गाडीच्या आवाजाला आणि वासाला मानहाइमचे लोक कंटाळले होते. पुढे 1903 मध्ये प्रशियाने चालकांची परीक्षा सक्तीची केली आणि ती घ्यायला बसवलं कुणाला? वाफेचे बॉयलर तपासणाऱ्या संस्थेला! गाडी हाकता येणं पुरेसं नव्हतं, तिची यंत्रंही कळायला हवी होती.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम फेल्प्स एनो नावाचा गृहस्थ वेगळ्याच खटपटीत होता. लहानपणी, 1867 मध्ये, नाटकगृहाबाहेर घोडागाड्यांची कोंडी झालेली त्याने पाहिली होती. ना कुणाला पुढे जाता येई, ना मागे. त्याने वाहतुकीचे नियम लिहिले. 1903 मध्ये शहराच्या पोलिसांनी ते स्वीकारले आणि छापून वाटले. हळू चालणाऱ्याने कडेने जावं, असली साधी कलमं. एनो स्वतः मोटार चालवायला कधीच शिकला नाही.

घोकायची चित्रं आली ती युरोपातून. 1909 च्या पॅरिस करारात धोक्याच्या चारच खुणा ठरल्या : खडबडीत रस्ता, वळण, चौक आणि रेल्वे फाटक. 1926 मध्ये धोक्याला त्रिकोण मिळाला. 1931 च्या जिनिव्हा कराराने इशारा, आज्ञा आणि माहिती अशी खुणांची तीन घराणी पाडली. आदल्या रात्रीच्या घोकंपट्टीचं मूळ हेच.

या नियमाला न जुमानणारा अष्टकोनी ‘स्टॉप’ अमेरिकेचा. तिथल्या अभियंत्यांनी 1923 मध्ये हिशेब मांडला की जितक्या बाजू जास्त, तितका धोका मोठा. त्यामुळे असंख्य बाजूंचा गोल रेल्वे फाटकाला गेला आणि थांबण्याच्या खुणेला आठ बाजू मिळाल्या.

ब्रिटनमध्ये 1903 पासून लायसन्स मिळे, पण परीक्षा नव्हती. 1931 साली एका पेनीला ‘हायवे कोड’ ही पुस्तिका निघाली. चाबूक डोक्यावर फिरवून वळण्याची खूण कशी करायची, हे घोडागाडीवाल्यांसाठी तिच्यात सांगितलेलं होतं. 1935 मध्ये गाडी चालवण्याची परीक्षा सक्तीची झाली. नियमांचे प्रश्न त्याच परीक्षेत परीक्षक तोंडी विचारी. वेगळी लेखी परीक्षा यायला 1996 उजाडलं.

भारतात या ज्ञानपरीक्षेला आधार आहे तो 1988 चा मोटार वाहन कायदा आणि 1989 चे केंद्रीय नियम यांचा. त्यांतला अकरावा नियम उमेदवाराला चार गोष्टी विचारतो : खुणा आणि वाहतुकीचे नियम, अपघातानंतरची कर्तव्यं, राखणदार नसलेल्या रेल्वे फाटकावरची खबरदारी आणि सोबत बाळगायची कागदपत्रं. 60 टक्के उत्तरं बरोबर हवीत. बॉयलरवाल्यांच्या इंजिनाचा या चारांत मागमूस नाही. पूर्वी आरटीओत साहेब तक्त्यावरच्या चित्रावर बोट ठेवून ‘हे काय?’ विचारत; मग संगणक आला. जून 2021 पासून महाराष्ट्रात आधारच्या जोरावर ही परीक्षा घरबसल्याही देता येते.

प्रश्नसंचात रेल्वे फाटक मात्र 1909 सारखंच हजर आहे. ब्रॉडगेजवरची राखणदार नसलेली फाटकं रेल्वेने जानेवारी 2019 पर्यंत संपवली, तरी त्यांच्यावरचा प्रश्न नियमांच्या परिशिष्टात उरला. पर्याय तीन. गाडी जाईपर्यंत थांबा. हॉर्न वाजवून सुसाट निघा. किंवा गाडी डाव्या कडेला लावा, खाली उतरा, रुळांपर्यंत चालत जा आणि दोन्हीकडून आगगाडी किंवा ट्रॉली येत नाही ना, ते पाहा. गाडी चालवण्याच्या परीक्षेत गुण मिळतो तो गाडीतून उतरून चालणाऱ्या तिसऱ्या पर्यायाला.