ठाणे खाडीचे दोन किनारे आणि धातू-निष्कर्षणातील विद्रावक : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नवी मुंबईच्या पश्चिमेस ठाणे खाडी असून खाडीपलीकडे ट्रॉम्बे आहे. पाण्यात विरघळलेला धातू वेगळा कसा काढावा, हा एकच प्रश्न या दोन किनाऱ्यांवर दोन निरनिराळ्या रूपांत उभा राहिला. पश्चिम किनाऱ्यावर तो शुद्ध युरेनियम मिळविण्याचा प्रश्न होता, तर पूर्व किनाऱ्यावर कारखान्यांच्या सांडपाण्यातील धातू खाडीत जाण्यापूर्वी अडविण्याचा. प्रस्तुत लेखात विद्रावक-निष्कर्षण पद्धतीचा ऐतिहासिक आढावा घेऊन, अलीकडील जलविरोधी, म्हणजे पाण्यात न मिसळणाऱ्या, यूटेक्टिक विद्रावकांचे त्या परंपरेतील स्थान तपासले आहे.

ईथर ते ट्रायब्युटिल फॉस्फेट

विद्रावक-निष्कर्षणाचे तत्त्व सोपे आहे. धातूचे जलीय द्रावण आणि पाण्यात न मिसळणारा द्रव एकत्र घुसळले असता इष्ट धातू त्या द्रवात उतरतो व अशुद्धी पाण्यात राहतात. नंतर दोन्ही थर वेगळे करून द्रवातील धातू परत काढून घेतला जातो. फ्रेंच रसायनज्ञ यूजीन पेलिगो याने १८४२ मध्ये युरेनिल नायट्रेट ईथरमध्ये उतरते, हे नोंदविले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत याच ईथरने युरेनियमचे मोठ्या प्रमाणावर शुद्धीकरण झाले. परंतु ईथर अत्यंत ज्वालाग्राही असल्याने युद्धोत्तर काळात केरोसिनसारख्या द्रवात मिसळलेल्या ट्रायब्युटिल फॉस्फेटने त्याची जागा घेतली.

ट्रॉम्बे येथील पर्व

१९५४ मध्ये ट्रॉम्बे येथे अणुऊर्जा संस्थेची स्थापना झाली. डॉ. होमी भाभा यांच्या निधनानंतर, १९६७ मध्ये, तिला त्यांचे नाव देण्यात आले. येथील युरेनियम धातू प्रकल्पात जानेवारी १९५९ मध्ये अणुभट्टीच्या प्रतीचे युरेनियम प्रथम तयार झाले. शुद्धीकरणासाठी ट्रायब्युटिल फॉस्फेटचीच योजना होती. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करणारा प्रकल्प होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये कार्यान्वित झाला आणि २२ जानेवारी १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याचाही पाया हाच विद्रावक होता.

या विद्रावकाच्या मर्यादाही यथावकाश स्पष्ट झाल्या. किरणोत्सारामुळे त्याचे विघटन होते, त्यामुळे तो वेळोवेळी धुऊन घ्यावा लागतो. शिवाय तो पाण्यात अल्प प्रमाणात का होईना, विरघळतो. बंदिस्त व काटेकोर नियंत्रणाखालील प्रकल्पात हा दोष सांभाळता येतो. उघड्या नाल्यात सांडपाणी सोडणाऱ्या लहान उद्योगाला ते शक्य नसते.

पूर्व किनाऱ्याचा प्रश्न

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ व १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यानंतर ठाणे-बेलापूर पट्टा आणि पुढे तळोजा येथे रसायन, रंग व अभियांत्रिकी उद्योगांची दाटी झाली. धातूंवर मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या धुवणाच्या पाण्यात निकेल, क्रोमियम, जस्त यांसारखे धातू असतात. रूढ उपाय चुना किंवा कॉस्टिक सोडा घालून त्यांचा साका खाली बसविण्याचा आहे. क्रोमियमचे मात्र आधी क्षपण करावे लागते. हा उपाय स्वस्त असला, तरी त्यातून निघणारा गाळ घातक कचरा म्हणून विशेष भूभरणात नेऊन टाकावा लागतो. पाणी स्वच्छ होते, पण धातू परत मिळत नाही. दुसरीकडे, हीच खाडी मासेमारी गावांची उपजीविका आहे. २०१५ मध्ये तिचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

जलविरोधी यूटेक्टिक विद्रावक

कापूर, ओव्याचे फूल व पुदिन्याचे फूल हे तीन घन पदार्थ एका बाटलीत ठेवले की त्यांचा द्रव होतो. घराघरांत ‘अमृतधारा’ म्हणून परिचित असलेले हे औषध यूटेक्टिक मिश्रणाचेच उदाहरण होय. घटकांच्या परस्पर आकर्षणामुळे मिश्रणाचा वितळबिंदू प्रत्येक घटकाच्या वितळबिंदूपेक्षा खाली येतो. २००३ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर येथे अॅबट व सहकाऱ्यांनी कोलीन क्लोराइड (वितळबिंदू ३०२ अंश सेल्सिअस) आणि युरिया (१३३ अंश) यांचे १:२ प्रमाणातील मिश्रण १२ अंशांला वितळते, हे दाखविले. मात्र असे द्रव पाण्यात सहज मिसळत असल्याने सांडपाण्यासाठी निरुपयोगी होते.

ही उणीव २०१५ मध्ये दूर होऊ लागली. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथील संशोधकांनी डेकॅनोइक आम्ल व चतुर्थक अमोनियम क्षार यांपासून पाण्यात न मिसळणारे यूटेक्टिक द्रव तयार केले. त्याच वर्षी पुदिन्याच्या फुलाचे, म्हणजे मेन्थॉलचे, असे द्रवही प्रसिद्ध झाले. २०१६ मध्ये डेकॅनोइक आम्ल व लिडोकेन यांच्या मिश्रणाने पाण्यातील कोबाल्टसारखे धातू केवळ पाच सेकंदांत उचलले जातात, असे आढळले. तथापि त्याच अभ्यासात ही क्रिया आयन-विनिमयाने घडते, असेही सिद्ध झाले. आयन-विनिमयाचा अर्थ असा, की धातूचा आयन द्रवात चढताना द्रवातील घनभारित आयन पाण्यात उतरतो. म्हणजेच पाणी धातूमुक्त होताना त्यात औषधी रसायनाचा अंश मिसळू शकतो. ‘जलविरोधी’ हे विशेषण त्यामुळे सापेक्षच समजावे लागते.

निष्कर्ष

१. विद्रावकांच्या इतिहासात प्रत्येक नव्या द्रवाने जुन्याचा एक दोष दूर केला व स्वतःचा एक दोष आणला. ईथरचा दोष आग हा होता, ट्रायब्युटिल फॉस्फेटचा विघटन हा. यूटेक्टिक द्रवांची परीक्षा पाण्यात उतरणाऱ्या अंशाने होईल.

२. ट्रॉम्बे येथे विद्रावकाचे मोल तो किती शुद्ध धातू देतो यावर ठरले. पूर्व किनाऱ्यावर मात्र तो पाण्यात स्वतःचे काय मागे ठेवतो, ही कसोटी तितकीच महत्त्वाची आहे.

३. मेन्थॉल व थायमॉल वनस्पतिजन्य आहेत, एवढ्यावरून ते खाडीतील जीवसृष्टीस निरुपद्रवी ठरत नाहीत. धातू काढून घेतल्यानंतर उरलेल्या पाण्याची तपासणी हाच त्यांच्या स्वीकाराचा आधार असावा.