इंधनटाकीची श्वासनलिका : जीपचा वारसा आणि मालवण किनारा

प्रस्तावना
जुनी जीप वाळूत, चिखलात व ओढ्यातून चालविता यावी म्हणून तिच्यात बदल करताना इंजिन, चाके व स्प्रिंगा यांचा विचार प्रथम होतो. इंधनटाकीला हवा देणारी व तिच्यातील वाफ बाहेर सोडणारी नळी मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. या लहानशा भागाचा इतिहास आणि त्यामागील कायद्याची भूमिका यांचा मालवण किनाऱ्याच्या संदर्भात शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

लष्करी वारसा
टाकीतील इंधन खर्च होऊ लागले की रिकाम्या जागेत हवा यावी लागते. अन्यथा पोकळी निर्माण होऊन इंजिनाचा पुरवठा तुटतो. उन्हात याउलट घडते. पेट्रोलची वाफ वाढते, दाब वाढतो आणि तिला वाट हवी असते. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपमध्ये सुमारे ५७ लिटरची टाकी थेट चालकाच्या आसनाखाली होती. वाहन उघडे असल्यामुळे वाफ वाऱ्यावर विरून जाई. १९५० पासूनच्या एम-३८ या लष्करी जीपमध्ये खोल पाण्यातून जाण्याची सोय करताना टाकीची वाफनळी एअर क्लीनरच्या व्यवस्थेशी जोडण्यात आली. वाहनाचा उपयोग बदलला तेव्हा वाफेची वाटही बदलावी लागली, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

१९४५ साली स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने मुंबईत माझगाव येथे जीपची जुळणी केली. हाच वारसा पुढे शासकीय कचेऱ्यांतून व खासगी मालकांकडून खेडोपाडी पोहोचला.

कायद्याची भूमिका
पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार २३ अंश सेल्सिअसखाली ज्वलनांक असलेले पेट्रोलसारखे पदार्थ ‘अ’ वर्गात मोडतात. पेट्रोलियम नियम, २००२ मध्ये पेट्रोल पंपाच्या भूमिगत टाकीची वाफनळी जमिनीपासून किमान ४ मीटर उंच असावी आणि तिच्या तोंडाशी तारेची बारीक जाळी असावी, अशी अपेक्षा आहे. जाळीतून ज्योत पलीकडे जात नाही, हे तत्त्व हंफ्री डेव्ही यांनी १८१५ साली खाणकामगारांच्या दिव्यासाठी वापरले होते. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

वाहनाच्या टाकीबाबत मात्र हा अधिनियम उदार आहे. कलम ९ नुसार, नोंदणीविषयक कायदा पाळणाऱ्या वाहनमालकाला वाहनाच्या अंगभूत टाकीतील इंधनासाठी वेगळा परवाना लागत नाही. ही सवलत म्हणजे वाहनाच्या मूळ रचनेवर टाकलेला विश्वासच होय. रचना बदलली की त्या विश्वासाचा पाया डळमळतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ मूळ रचनेतील बदलांना मर्यादा घालते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका अधोरेखित केली.

किनाऱ्यावरील प्रश्न
पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर न जाता खाली साचते. हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असताना एक ठिणगी पुरते. उघड्या जीपवर बंद छप्पर चढविले, टाकी मागे हलविली आणि नळीचे तोंड आतच राहिले, तर वाफ पायांशी साठते. मालवणच्या खाऱ्या हवेने लोखंडी जोड गंजतात, वाळू नळीत शिरते आणि कुंभारमाशी मोकळे छिद्र मातीने बुजविते. त्यावर साधा उपाय म्हणून कित्येकदा झाकणच सैल ठेवले जाते. परंतु कलंडलेल्या वाहनातून त्याच वाटेने पेट्रोल सांडते.

म्हणून नळी टाकीच्या सर्वोच्च भागातून निघावी, पाण्याच्या अपेक्षित पातळीहून वर जावी, वाहन उलटल्यास बंद होणारी झडप तिच्यात असावी आणि तिचे तोंड आसनकक्ष, सायलेन्सर व विजेच्या तारा यांपासून दूर, जाळीसह, बाहेर उघडावे. मूळ वाहनात वाफ शोषणारा कोळशाचा डबा असेल, तर तो काढू नये. तसेच कोणताही बदल नोंदणी प्राधिकरणाच्या पूर्वसंमतीनेच व्हावा.

निष्कर्ष
एम-३८ च्या अभियंत्यांनी उपयोगाबरोबर वाफेची वाटही बदलली. आजचा मिस्त्री अनेकदा केवळ उपयोग बदलतो. बदलांवरील बंदीमुळे हे काम थांबतेच असे नाही. काही वेळा ते तपासणीच्या नजरेआड जाते आणि त्यासोबत सुरक्षिततेचे ज्ञानही आड राहते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमात या विषयाला ठळक स्थान मिळाल्यास किनाऱ्यावरील गॅरेजपर्यंत ते ज्ञान पोहोचू शकेल. पंपावरील चार मीटरच्या नळीमागे जी दक्षता आहे, तीच आसनाखालच्या टाकीलाही लागू आहे.