मिरा-भाईंदरमधील लोकसंख्यावाढ

मिरा-भाईंदर (मीरा-भाईंदर असेही लिहिले जाते) हे महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील, मुंबईच्या उत्तर सीमेला लागून असलेले शहर आहे. दक्षिणेस दहिसर, उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर अशा चौकटीत ते वसले आहे. १९९१च्या जनगणनेत येथे सुमारे १ लाख ७५ हजार लोक होते; २००१मध्ये ही संख्या सुमारे ५ लाख २० हजारांवर गेली आणि २०११मध्ये ८,०९,३७८ झाली. म्हणजे वीस वर्षांत लोकसंख्या साडेचार पटींहून अधिक वाढली. ही वाढ मुख्यतः स्थलांतरामुळे झालेली असल्याने लोकसंख्यावाढीच्या अभ्यासात हे शहर विशेष उद्बोधक ठरते.

पूर्वस्थिती

आज शहराचे भाग म्हणून ओळखली जाणारी भाईंदर, नवघर, गोडदेव, खारी, मिरे, काशी, घोडबंदर, राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी, उत्तन ही मुळात स्वतंत्र गावे होत. आगरी, कोळी, पूर्वापार ख्रिस्ती (ईस्ट इंडियन) आणि डोंगरालगतच्या पाड्यांतील वारली हे येथील जुने रहिवासी. भातशेती, मासेमारी आणि मीठ पिकवणे हे त्यांचे प्रमुख व्यवसाय होते. भाईंदरची मिठागरे पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांना दोन्ही बाजूंनी दिसत. त्यांतील बरीच जमीन अजूनही मोकळी आहे. १२ जून १९८५ रोजी काही ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद स्थापन झाली, पुढे आणखी गावे तिच्यात आली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी नगरपरिषदेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. दोन दशकांच्या आत ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतचा हा प्रवास प्रशासनाच्या दृष्टीने फारच वेगवान होता. रस्ते, गटारे आणि पाण्याच्या वाहिन्या यांची आखणी होण्याआधीच इमारती उभ्या राहिल्या होत्या. ग्रामपंचायत काळातील अनेक इमारती आता जीर्ण झाल्या असून त्यांचा पुनर्विकास हा स्वतंत्र प्रश्न बनला आहे.

जन्म की स्थलांतर?

लोकसंख्यावाढ म्हटली की सर्वसामान्यपणे जन्मदराचा विचार केला जातो. थॉमस माल्थस याने १७९८मध्ये मांडलेला सिद्धान्त, र. धों. कर्वे यांनी १९२१मध्ये मुंबईत सुरू केलेले संततिनियमन केंद्र, १९५२पासूनचा शासकीय कुटुंबनियोजन कार्यक्रम या साऱ्यांचा रोख जन्मांवर होता. मिरा-भाईंदरचे आकडे मात्र या मार्गाने उलगडत नाहीत.

एक साधा हिशेब करता येतो. महाराष्ट्राची लोकसंख्या १९९१ ते २००१ या दशकात सुमारे २२.७ टक्क्यांनी आणि पुढील दशकात सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. मिरा-भाईंदर याच गतीने वाढले असते, तर १९९१चे पावणेदोन लाख लोक २०११मध्ये सुमारे अडीच लाख झाले असते. प्रत्यक्षात ते आठ लाखांवर होते. मधले साडेपाच लाखांचे अंतर स्थूलमानाने बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांचे व त्यांच्या येथे जन्मलेल्या मुलांचे मानावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे. लोकसंख्या दीर्घकाळ स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ या पातळीच्या तो खाली आहे. ‘मुले फार होतात म्हणून शहरे तुंबतात’ हे विधान त्यामुळे येथे लागू करणे चुकीचे ठरेल.

हे लोक आले कोठून, याचे एक उत्तर मुंबईच्याच आकड्यांत आहे. २००१ ते २०११ या काळात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर घसरली. त्याच दशकात तत्कालीन ठाणे जिल्हा सुमारे ३६ टक्क्यांनी वाढून १ कोटी १० लाखांपुढे गेला आणि देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा करण्यात आला. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचा ऱ्हास झाला, चाळीतली खोली वाढत्या कुटुंबाला पुरेनाशी झाली आणि मुंबईत नवे घर घेणे मध्यमवर्गीयांच्या आवाक्याबाहेर गेले. दहिसरच्या जकात नाक्यापलीकडे मात्र त्याच पैशांत दोन खोल्या मिळत. १९९२-९३च्या दंगलींनंतर सुरक्षिततेच्या शोधात मीरा रोडला आलेल्या मुस्लिम कुटुंबांमुळे नया नगर या वसाहतीची वाढ झाली. राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश व बिहार येथून आलेल्यांची संख्याही मोठी आहे.

पर्यावरणावरील परिणाम

शहराचे क्षेत्रफळ सुमारे ७९ चौरस किलोमीटर असल्याने २०११ची सरासरी घनता चौरस किलोमीटरला दहा हजारांवर येते (राज्याची ३६५). ही सरासरी दिशाभूल करणारी आहे. डोंगर, तिवरांची वने, खाजणे आणि मिठागरे वगळली, तर लोक प्रत्यक्षात फारच थोड्या जमिनीवर राहतात.

खाजण व मिठागर या पडीक जमिनी नव्हेत. मिठागरात दिवाळीनंतर भरतीचे पाणी घेऊन उन्हात आटवतात. पावसाळ्यात हेच उथळ वाफे पावसाचे पाणी धरून ठेवतात. भरतीच्या वेळी खाडीची पातळी नाल्यांहून वर असल्याने शहरातील पाणी बाहेर पडू शकत नाही. ओहोटी लागेपर्यंत ते थांबायला जागा लागते. भराव घालून ही जागा संपली की तेच पाणी रस्त्यावर आणि तळमजल्यांत येते. २६ जुलै २००५च्या अतिवृष्टीत महामुंबईला याचा कठोर अनुभव आला. तिवरांच्या मुळांशी गाळ धरला जातो आणि कोलंबी, चिंबोरी, निवट्या वाढतात. त्यामुळे तिवरे तुटली की नुकसान प्रथम खाडीत मासेमारी करणाऱ्यांचे होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये अंतरिम आदेशाने आणि सप्टेंबर २०१८मध्ये अंतिम निकालाने तिवरांच्या तोडीवर बंदी घातली.

कचऱ्याचा भार उत्तनवर पडला. दाट वस्तीच्या मीरा रोड व भाईंदरचा कचरा उत्तनजवळील धावगी डोंगरावर नेला जातो. तेथे लागणाऱ्या आगी, दुर्गंधी आणि पावसाळ्यात शेतांकडे उतरणारे दूषित पाणी यांविरुद्ध ग्रामस्थांनी दीर्घकाळ आंदोलने केली. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. मेट्रो मार्गिका ९च्या कारशेडचेही असेच झाले. राई-मुर्धे येथील विरोधानंतर ती डोंगरीला हलवण्याचा निर्णय झाला आणि तेथील हजारो झाडांच्या तोडीवरून नवा वाद उभा राहिला. वाढीचे लाभ एका भागाला आणि झळ दुसऱ्याला, ही विभागणी या शहरात नकाशावर बोट ठेवून दाखवता येते.

पाणी

शहराला स्वतःचा मोठा जलस्रोत नाही. उल्हास नदीवरील ‘स्टेम’ योजना आणि औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) यांच्याकडून पाणी घेतले जाते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या सूर्या प्रादेशिक योजनेतील ४०३ दशलक्ष लिटरपैकी २१८ दशलक्ष लिटर पाणी मिरा-भाईंदरसाठी व उरलेले वसई-विरारसाठी ठरले आहे. सूर्या धरण पालघर जिल्ह्यातील आदिवासी भागात आहे. ते मूळतः सिंचनासाठी असल्याने हे पाणी शहरांकडे वळवण्यास स्थानिक संघटनांनी विरोध केला. शहराची वाढ शहराच्या हद्दीत थांबत नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

सामाजिक परिणाम

रोजगार मुंबईत आणि निवास येथे, अशी रचना असल्याने लोकल गाडी हा दैनंदिन जीवनाचा कणा आहे. सकाळी विरारहून भरून येणाऱ्या जलद गाड्यांत भाईंदर व मीरा रोडच्या प्रवाशांना शिरणे कठीण जाते. भाईंदर पश्चिमेतील भीमसेन जोशी (टेंभा) रुग्णालय हे प्रमुख सार्वजनिक रुग्णालय आहे. २००८च्या पुनर्रचनेनंतर शहराला स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ मिळाला, आणि १ ऑक्टोबर २०२०पासून वसई-विरारसह स्वतंत्र पोलीस आयुक्तालय.

मूळ गावांतील आगरी-कोळी समाज आपल्याच गावात संख्येने अल्प झाला. गावदेवीच्या जत्रा आणि उत्तनचे चर्चमधील सण टिकून आहेत, परंतु बाजारपेठेची भाषा प्रामुख्याने हिंदी व गुजराती झाली. जुलै २०२५मध्ये मराठीच्या वापरावरून मीरा रोड येथे व्यापाऱ्यांचा आणि त्यानंतर मराठी संघटनांचा मोर्चा निघाला, तो याच पार्श्वभूमीवर.

जनगणनेची प्रतीक्षा

२०२१ची जनगणना कोविडच्या साथीमुळे होऊ शकली नाही. जून २०२५च्या अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन निश्चित झाला आहे. तोपर्यंत शहराच्या पाणी, शाळा व दवाखान्यांच्या नियोजनाला २०११चे आकडे आणि त्यांवर बेतलेले अंदाज हाच आधार आहे.